न झाडलेली गोळी

ख्रिस्तसभेत ३ नोव्हेंबर हा संत ह्युबर्ट यांचा स्मरणदिन. इ. स. ७२७ मध्ये दिवंगत झालेले लिएजचे हे बिशप शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत मानले जातात. आख्यायिका अशी की, तारुण्यात ते उत्तम शुक्रवारीच शिकारीस गेले असता एका हरणाच्या शिंगांमध्ये त्यांना क्रूस दिसला आणि त्यांचे जीवन पालटले. या संताचे नाव निघाले की मला एक नवशिका शिकारी आठवतो.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतातील एका धर्मग्रामात काही महिने सेवा करण्याचा मला योग आला. तेथील डोंगरांत एल्क विपुल आहेत. हा प्राणी आपल्या सांबराच्याच कुळातला, पण अधिक थोराड. नर सुमारे ३०० किलो वजनाचा असतो. एकोणिसाव्या शतकात बेसुमार हत्येमुळे एल्कची संख्या फार घटली होती. पुढे हंगाम व परवाने ठरले. १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. आपल्याकडे सांबराची शिकार हा गुन्हा आहे. तेथे एल्कच्या शिकारीस मुभा आहे, पण ती नियमांत बांधलेली.

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाची नोकरी सुटली होती. घरी पत्नी आणि दोन लेकरे. एक एल्क मिळाला तर हिवाळ्याची बेगमी होणार होती. एका वृद्ध शिकाऱ्याने त्याला शिकविण्याचे पत्करले, आणि मीही सोबत निघालो, अर्थात बंदुकीविना. १९१७ च्या धर्मसंहितेत याजकांनी शिकारीच्या नादी लागू नये असे कलम होते. १९८३ च्या संहितेत ते नाही, तरी जुने वळण सुटत नाही.

पहिला धडा वाऱ्याने दिला. डोंगरात पहाटेची थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापले की वर चढते. तरुण पहाटेच कड्यावर जाऊन बसला. त्याचा वास खाली चरणाऱ्या कळपास लागला आणि क्षणात कुरण रिते झाले. दुसरा धडा घाईचा. दहा हजार फुटांवरील विरळ हवेत जो धावत चढतो, त्याचा नेम स्थिर कसा राहणार? तिसरा धडा वृद्धाने तोंडी दिला : “गोळी झाडली की काम संपत नाही, सुरू होते. कातडे लगेच काढून मांस थंड करायचे, मग पाठीवरून वाहून आणायचे. खाण्याजोगे मांस रानात टाकणे हा येथे गुन्हा आहे.”

शेवटच्या दिवशी, सूर्य मावळल्यावर, झाडीच्या कडेला एक मोठा नर उभा राहिला. तरुणाने बंदूक खांद्याला लावली. तोच प्राणी वळला. आता केवळ त्याची पाठमोरी बाजू दिसत होती. तेथे गोळी लागली असती तर तो जखमी होऊन अंधारात पळाला असता आणि कोठेतरी तडफडत मेला असता. वृद्ध काही बोलला नाही. खरे सांगतो, ‘झाड!’ असे माझेच मन ओरडत होते. त्या लेकरांची तोंडे मलाही दिसत होती. तरुणाने बंदूक खाली घेतली.

परतताना त्याने विचारले, “फादर, घरी काय सांगू?” मला उत्तर सुचेना. वृद्ध म्हणाला, “सांग, नेम धरण्याजोगा नव्हता.”

पुढच्या रविवारी मिस्सानंतर वृद्धाने आपल्या वाट्याच्या एल्कची एक अख्खी मांडी त्या तरुणाच्या गाडीत ठेवली.

प्रिय वाचकहो, गरज खरी असली म्हणजे ती भागविण्याचा प्रत्येक मार्ग खरा ठरत नाही. हे मी व्यासपीठावरून अनेकदा सांगितले होते. त्या संध्याकाळी मात्र ते एका नवशिक्याकडून शिकलो. आणि वृद्धाने आणखी एक शिकविले : जो अशा वेळी हात आवरतो, त्याच्या घरची चूल पेटती ठेवणे हे शेजाऱ्याचे कर्तव्य आहे.