बोगद्यातला वणवा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात वणवा कसा अडवावा, हे कोणी पुस्तकातून शिकत नाही. उन्हाळ्यापूर्वी वनखात्याची माणसे जाळरेषा काढतात. पालापाचोळा आधीच जाळून पट्टा मोकळा केला, की आग तिथवर येते आणि खायला काही न मिळाल्याने विझते. मोहाखालचा पाला पेटवल्याने आग पसरलीच, तर हिरव्या डहाळ्यांनी ती झोडपून काढतात. धुराला आभाळ असते आणि माणसाला पळायला रान.

हाच रानचा माणूस नागपूरहून समृद्धी महामार्गाने मुंबईला निघाला, तर इगतपुरीजवळ त्याला सुमारे ८ किलोमीटरचा जुळा बोगदा लागतो. ५ जून २०२५ रोजी तो खुला झाला. येथे जाळरेषा काढायची कुठे? सरपण म्हणजे मोटारीच, आणि धुराला आभाळ नाही!

याचे भीषण प्रत्यंतर २४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स-इटलीमधील माँ ब्लाँ बोगद्यात आले. पीठ आणि मार्गारीन नेणारा ट्रक पेटला. आग ५३ तास धुमसली, ३९ माणसे दगावली. त्यांतली बहुतेक आपापल्या गाड्यांतच सापडली.

म्हणून इगतपुरीच्या बोगद्यात उच्च दाबाने पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रणा बसवली आहे. पाण्याचा थेंब जितका बारीक, तितकी त्याची वाफ लवकर होते. वाफ होताना पाणी आगीची उष्णता शोषून घेते. शिवाय सुमारे १,७०० पट फुगून ज्वाळेजवळची हवाही हटवते. ताडपत्रीखालची आग त्याने विझेलच असे नाही. परंतु ती शेजारच्या गाडीला लागत नाही. म्हणजे ही पाण्याची जाळरेषाच म्हणायची!

तिचे मोल मेलबर्नच्या बर्नली बोगद्यात २३ मार्च २००७ रोजी दिसले. तेथे तुषार नव्हे, पाण्याचा मोठा फवारा होता. टकरीत तिघे गेले आणि गाड्या पेटल्या. पण नियंत्रण कक्षातून काही मिनिटांतच पाणी सोडले गेले आणि आग पसरली नाही.

यंत्र मात्र आपल्याला हाताला धरून बाहेर नेत नाही. ते फक्त काही मिनिटे मिळवून देते. तेव्हा बोगद्यात धूर दिसला, तर गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, किल्ली गाडीतच ठेवावी आणि सामानाचा मोह सोडून सुटकेच्या दाराकडे चालू लागावे. गाडी पुन्हा घेता येते.