गेवराईच्या बोअरचं ऊन पाणी

बीड जिल्ह्यातल्या गेवराईहून एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. ती जपानी शिकते. तिच्या पुस्तकातल्या धड्यात डोंगरातल्या गरम झऱ्यापाशी एक र्‍योकान, म्हणजे जपानी पद्धतीचं विश्रामगृह, आहे. दारात चपला काढायच्या, युकाता हा सुती झगा घालायचा, अंग घासून धुवायचं आणि मगच ओन्सेनच्या, म्हणजे गरम झऱ्याच्या, कुंडात उतरायचं. ती विचारते, ‘आपलं दख्खनचं पठारही ज्वालामुखीच्या लाव्ह्याचंच ना? मग आमच्याकडे असे झरे का नाहीत?’

मराठवाड्यात जपानी शिकणारी मुलं आता नवलाची राहिली नाहीत. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं २०२० साली रोबोटिक्सच्या ओढीनं हीच भाषा शिकू लागली होती. भाषेच्या धड्यातून भूगर्भाचा प्रश्न निघाला, याचा मला फार आनंद झाला.

आपला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब केव्हाच विरून गेली. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीत ६१७ मीटर खोल विवर घेतलं, तेव्हा लाव्ह्याचा काळा पाषाण जेमतेम ३३८ मीटरांवर संपला आणि खाली प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. त्या भागात उष्णतेची मोजणीही झाली, पण आगीचा मागमूस नव्हता. जपानची गोष्ट वेगळी आहे. तिथं समुद्रतळाचं भूपट्ट देशाच्या खाली घुसतं आहे, त्यामुळे वितळलेला खडक आजही तयार होतो आणि वर येतो.

पण ऊन पाण्याला ज्वालामुखी लागतोच असं नाही. महाराष्ट्रातल्या झऱ्यांना तो लागलेला नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, उन्हवरे, तुरळ, राजापूर अशी ही रांग कोकणात तीनशेहून अधिक किलोमीटर पसरली आहे. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास असतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. मात्र ते झटकन वर यायला हवं. बंबातलं कढत पाणी लांब नळीतून थेंबथेंब आलं तर मोरीपर्यंत कोमट होतं, तसंच इथंही होतं. म्हणून अशा झऱ्यासाठी आगीपेक्षा सलग, खोल आणि मोकळी भेग महत्त्वाची. मराठवाड्याला ती लाभली आहे नांदेड जिल्ह्यात, पैनगंगेकाठच्या उनकेश्वरला. तिथं काळ्या पाषाणाचं आवरण संपत येतं आणि खालचे जुने खडक डोकावू लागतात. शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून हे पाणी काढलं, असं तिथले लोक सांगतात. बाणानं जमीन भेदली ही कल्पना भूशास्त्राच्या किती जवळची आहे!

भारतातल्या अशा झऱ्यांची मोठी यादी केली थॉमस ओल्डहॅम यांनी. १८५१ साली ते भारतात आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची घडी त्यांनीच बसवली. देशभरातल्या सुमारे तीनशे उष्ण झऱ्यांची त्यांनी नोंद केली, पण ती छापलेली पाहायला ते उरले नाहीत. मुलगा रिचर्ड याच सर्वेक्षणात होता. त्यानं वडिलांचं काम पुरं करून १८८२ साली प्रसिद्ध केलं. पुढे १८९७च्या आसाम भूकंपाच्या नोंदींतून त्यानं भूकंपलहरींचे प्रकार वेगळे ओळखले आणि १९०६ साली पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. गाभ्याच्या शोधासाठी त्याचं नाव पुस्तकांत येतं, पण झऱ्यांच्या यादीचा उल्लेख क्वचितच होतो. मला ती यादी तितकीच मोलाची वाटते, कारण नंतरच्या मोजणीला तिचा आधार मिळाला.

झऱ्यांच्या पाण्याच्या औषधी गुणांबद्दल मात्र सावध राहायला हवं. गंधकाचं मलम खरजेवर जुनं आणि खरं औषध आहे, पण म्हणून गंधकाच्या कुंडात बुडी मारली की कोड किंवा सोरायसिस जातो असं होत नाही. १८७६ साली टोकियोत शिकवायला आलेले जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झ यांनी कुसात्सूच्या झऱ्यांचा मोठा पुरस्कार केला. पण कुसात्सूचं पाणी तीव्र आम्लधर्मी आहे. आपल्या कोकणातल्या झऱ्यांचं पाणी तसं नाही. एकाचा गुण दुसऱ्याला चिकटवणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. अंग धुऊन मगच कुंडात उतरायची जपानी शिस्त मात्र वज्रेश्वरीला आणि उनकेश्वरला जरूर आणावी. म्हणजे साबण आणि तेल कुंडाबाहेरच राहील.

आता गेवराईकडे येतो. जपानच्या १९४८च्या कायद्यानुसार जमिनीतून निघताना पाणी किमान २५ अंश असलं, किंवा ठरावीक १९ घटकांपैकी एक त्यात पुरेसा असला, तरी ते ओन्सेन ठरतं. बीड जिल्ह्याचं वर्षाचं सरासरी तापमानच २६ अंशांच्या आसपास आहे, आणि जमिनीखालचं पाणी साधारण त्याच तापमानाला किंवा थोडं वर असतं. सहाशे फुटांचा बोअर असेल तर आणखी चार-पाच अंश धरा. म्हणजे तापमानाच्या निकषावर गेवराईचे कितीतरी बोअर पास होतील! थंडीत पहाटे बोअरचं पाणी ऊन लागतं आणि वैशाखात तेच गार वाटतं. पाण्याचं तापमान जवळपास तेच असतं, बदलते ती हवा. तेव्हा एक साधा थर्मामीटर घ्या. मोटार सुरू केल्यावर पाइपात साठलेलं पाणी आधी वाहून जाऊ द्या, मग बादली भरून लगेच तापमान घ्या. जानेवारीत एकदा, मे महिन्यात एकदा. बोअरची खोली आणि दोन्ही आकडे आम्हाला कळवा.