अंगणातील बाज

नवरात्र जवळ आले की मराठवाड्यातील घरांत ‘दसरा काढण्याची’ लगबग सुरू होते. बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेल्या मुखेडच्या परिसरातही हीच रीत आहे. भिंती सारवल्या जातात, माळ्यावरची भांडी खाली येतात, गोधड्या व वाकळा धुण्यासाठी ओढ्याकडे किंवा विहिरीकडे नेल्या जातात. या सर्व धांदलीत एक वस्तू मात्र बहुधा सर्वांत शेवटी आठवते. ती म्हणजे अंगणातील बाज.

बाज ही घरातील सर्वांत सोशिक वस्तू होय. चैत्र-वैशाखात ती रात्रभर उघड्या आकाशाखाली किंवा माळवदावर असते. दुपारी तिच्यावर पापड, कुरडया व मिरच्या वाळतात. आल्या-गेल्या पाहुण्याला बसावयास तीच पुढे केली जाते आणि संध्याकाळी तिच्यावर दुपटे अंथरून तान्ह्या मुलास निजविण्यात येते. पावसाळ्यात ती ओसरीच्या कडेला उभी करून ठेवतात. पण वाऱ्याबरोबर येणारी झड तिला भिजविल्यावाचून राहत नाही. चार महिन्यांनी तिच्याकडे पाहावे तो काळ्या मातीची धूळ विणीत घट्ट बसलेली, दोरीवर पांढुरकी बुरशी आलेली आणि खिळ्यांभोवती लाकूड काळे पडलेले दिसते. पुष्कळदा सांध्यांत ढेकणांनी बिऱ्हाड थाटलेले असते.

अशा बाजेवर धो-धो पाणी ओतून ती ब्रशाने खसखसून घासावी, असे कोणालाही प्रथम वाटेल. परंतु या भागात पाणी ही सढळ हाताने खर्चण्याची वस्तू नाही. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला पिण्याचे पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवरील मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. त्या पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या मुलखात अशी वेळ येते, तेथील जुन्या गृहिणींनी थोडक्या पाण्यात स्वच्छता साधण्याच्या युक्त्या शोधून काढल्या असतील, तर त्यात नवल ते काय? शिवाय, अधिक पाणी हे बाजेच्या हिताचेही नसते. याचे कारण समजण्यास ती कशाची बनलेली असते, हे पाहिले पाहिजे.

जुन्या बाजेची चौकट बहुधा बाभळीच्या लाकडाची असते. चार खूर असतात आणि बाजूच्या लाकडांची निमुळती टोके, म्हणजे कुसू, खुरांच्या भोकांत ठोकून बसविलेली असतात. विणीसाठी अंबाडीची दोरी, काथ्या किंवा सुती नवार वापरतात. हे तिन्ही धागे वनस्पतीपासूनच मिळतात. परंतु त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. कापसाचा धागा ओला झाला म्हणजे उलट अधिक बळकट होतो. म्हणून नवार सोडवून खुशाल भिजवावी व धुवावी. काथ्या नारळाच्या सोडणापासून निघतो. तो पाण्याला फारशी दाद देत नाही. अंबाडीचे मात्र तसे नाही. तिची दोरी भिजली की दुबळी होते आणि ओली राहिली तर कुजते. त्यातच पिळाची दोरी भिजल्यावर आखडते. अशा वेळी तिच्यावर कोणी बसले, तर ती ताणली जाऊन वाळल्यावर बाज झोळीसारखी लोंबू लागते. म्हणून अंबाडीची बाज आधी कोरडीच स्वच्छ करावयाची असते. ती आडवी उभी करून काठीने झोडपावी, मग खराट्याने दोन्ही बाजूंनी झाडावी. बुरशी झाडताना नाकावर फडके बांधणे अगत्याचे आहे, कारण तिचे बारीक बीजकण श्वासाबरोबर आत जातात. झाडलेली बाज दोन दिवस कडक उन्हात ठेवली की बुरशीचे निम्मे काम तेथेच संपते. बुरशीला ओल हवी असते. ओल गेली की तिची वाढ खुंटते.

यानंतर राहतो तो तेलकट मळ. डोक्याचे तेल, घाम, हातांचा मळ, सांडलेला चहा यांचे पुट झाडण्याने जात नाही. त्यासाठी रिठा कामास येतो. रिठ्याच्या फळाची वरची साल पाण्यात भिजवून चोळली की भरपूर फेस येतो. या सालीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते व दुसरे तेलाला. त्यामुळे तेलाचा थर सुटा होऊन पाण्याबरोबर निघून जातो. साबणाचे कार्यही याच रीतीने चालते. सात-आठ रिठ्यांची साल रात्री तांब्याभर कोमट पाण्यात भिजत घालावी, सकाळी कुस्करून पाणी गाळून घ्यावे. त्यात फडके बुडवावे, घट्ट पिळावे आणि दोरी व लाकूड पुसून काढावे. मागाहून साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने पुन्हा पुसले म्हणजे झाले. एका बाजेला अर्धी बादली पाणी पुष्कळ होते.

रिठा झाडावर येतो म्हणून तो सर्वस्वी निरुपद्रवी आहे, असे मात्र समजू नये. त्याचे पाणी डोळ्यांत गेले तर डोळे चुरचुरतात. माशांना तर सॅपोनिन विषासारखे बाधते. कित्येक देशांत पूर्वी अशा वनस्पती पाण्यात कुटून मासे पकडीत असत. तेव्हा हे पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ न ओतता परसातील एखाद्या झाडाच्या बुडाशी जिरवावे.

रिठे नसतील तेथे चुलीतील राख असते. कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या किंवा लाकूड जळाल्यावर जी राख उरते, तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. मूठभर चाळलेली राख तांब्याभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवली की सकाळी वर नितळ पाणी येते. हे पाणी बोटांना बुळबुळीत लागते, कारण कातडीवरील तेलाशी त्याचा संयोग होऊन थोडासा साबणच तेथल्या तेथे तयार होतो! या पाण्यात हळदीने रंगविलेली चिंधी बुडविली तर ती तांबडी होते. क्षाराची ही ओळख कोणालाही घरी पटवून घेता येईल. पोटॅशियम हे नावदेखील राखेवरूनच आले आहे. युरोपात राखेचे पाणी भांड्यात आटवून हा क्षार काढीत, म्हणून त्याला ‘भांड्यातील राख’ अशा अर्थाचे पोटॅश हे नाव पडले. आणि १८०७ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने पोटॅशच्या क्षारातून विजेच्या साहाय्याने जो धातू वेगळा केला, त्याला त्याने पोटॅशियम म्हटले. राखेचे पाणी चिकट लाकडावर चांगले लागू पडते. परंतु ते फार तीव्र झाले तर हातांची कातडी सोलते, म्हणून ते पातळ करूनच वापरावे. कोरडी राख खरखरीत असल्याने लोखंड घासण्यास ठीक. प्लास्टिकच्या खुर्चीवर मात्र तिने बारीक ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत पुढे मळ अधिकच साचतो. अशा खुर्च्यांना रिठ्याचे पाणी पुरे.

आता खिळ्यांभोवतीच्या काळ्या डागांकडे वळू. हा डाग मळाचा नसतो. म्हणून तो साबणाने, रिठ्याने वा राखेने जात नाही. बाभळीत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य विपुल असते. चामडे कमाविण्यासाठी तिची साल वापरतात, ती या द्रव्यासाठीच. लाकूड ओले झाले की खिळ्याचे लोखंड त्यात किंचित विरघळते आणि टॅनिनशी त्याचा संयोग होऊन काळेभोर द्रव्य बनते. जुन्या काळी तुरट फळे व हिराकस यांपासून जी काळी शाई करीत, ती याच संयोगाने. म्हणजे पावसाळ्यात बाजेवर आपोआप शाई तयार होते, असे म्हटले तरी चालेल! या शाईवर उपाय आंबटाचा. लिंबाची फोड डागावर चोळून दहा-पंधरा मिनिटे ठेवली की लिंबातील आम्ल लोखंडाला आपल्याकडे ओढून घेते आणि डाग फिका पडतो. एका खेपेस तो जाणार नाही. दोन-तीन वेळा करावे लागते. सुतारकामात यासाठी ऑक्झॅलिक आम्ल वापरतात. त्याने काम झटपट होते, पण ते विषारी आहे. ज्या लाकडाला रांगते मूल तोंड लावते, त्याला लिंबूच बरे, मग वेळ थोडा अधिक लागला तरी चालेल.

ओसरीवर झोपाळा असल्यास त्याच्या पितळी कड्यांना चिंच लावावी. चिंचेतील टार्टरिक आम्ल पितळेवरील काळपट थर विरघळविते. काही जण चिंच व राख एकत्र कालवून घासतात. पण आम्ल व क्षार एकत्र आले की ते एकमेकांचे बळ हरण करतात आणि राख केवळ वाळूसारखी घासण्यापुरती उरते. आधी चिंच, मग पाणी, मग राख, हा क्रम अधिक शहाणपणाचा.

याच ठिकाणी एक धोका सांगितला पाहिजे. विहिरीत टाकण्यासाठी आणलेली ब्लीचिंग पावडर कित्येक घरांत असते. तिच्यात लिंबू, चिंच किंवा दुसरे कोणतेही आम्ल मिसळले, तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो. त्याने श्वास कोंडतो व फुप्फुसांना इजा होते. ही दोन द्रव्ये एका भांड्यात कधीही येता कामा नयेत.

ढेकणांचा प्रश्न याहून कठीण आहे. १९३९ साली पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाला डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण आढळला आणि १९४८ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९५३ साली हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हा घराघरांच्या भिंतींवर हे औषध फवारण्यात आले. त्या मोहिमेने असंख्य लोकांचे प्राण वाचविले, हे विसरता येणार नाही. डासांबरोबर ढेकूणही मरू लागले, तेव्हा लोकांना आनंद झाला. परंतु तो टिकला नाही. हवाई बेटांवरील पर्ल हार्बर येथे १९४७ सालीच डी.डी.टी.ला न जुमानणारे ढेकूण आढळले होते. पुढे अनेक देशांत तसेच घडले. जे थोडे ढेकूण विषातून तगले, त्यांचीच प्रजा वाढली. ढेकूण राहिले आणि विष मात्र माती, पाणी व प्राण्यांच्या शरीरांत साठत गेले. १९६२ साली रेचेल कार्सन या अमेरिकन लेखिकेने आपल्या ग्रंथातून याकडे जगाचे लक्ष वेधले. भारतात शेतीसाठी डी.डी.टी. वापरण्यास १९८९ साली बंदी घालण्यात आली.

उष्णतेची सवय मात्र ढेकणांना अशी सहजी होत नाही. सुमारे पन्नास अंश सेल्सिअस उष्णतेत ढेकूण व त्याची अंडी थोड्याच वेळात मरतात. वैशाखातील उन्हात ठेवलेले लाकूड हातास चटका देण्याइतके तापते. परंतु कुसवांच्या आतील फटी तितक्या तापत नाहीत आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. म्हणून केवळ उन्हावर विसंबून चालत नाही. बाज दर दोन तासांनी उलटावी, आणि घरातील मोठ्या माणसाने प्रत्येक सांध्यात उकळते पाणी बारीक धारेने सोडावे. हे काम मुलांनी करावयाचे नव्हे. लपून राहिलेली अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून दहाव्या दिवशी हाच प्रयोग पुन्हा करावा लागतो. पुष्कळ लोक हा दुसरा दिवस विसरतात आणि ऊन निरुपयोगी म्हणून त्याला बोल लावतात! सांध्यांत रॉकेल ओतण्याची जुनी चालही होती. अंथरुणाखाली ज्वालाग्राही तेल ठेवण्याचा तो प्रकार होता. ती चाल सोडलेलीच बरी.

बाज पूर्ण वाळली म्हणजे लाकडाला तेल द्यावे. मराठवाड्यात जवस व करडई दोन्ही पिकतात. खोबरेल वर्षभर ठेवले तरी तेलच राहते; जवसाचे तेल मात्र हवेतील प्राणवायू शोषून घेऊन हळूहळू घट्ट होते आणि लाकडावर पातळ कवच धरते. मग पावसाचे पाणी आत मुरत नाही. करडईच्या तेलातही हा गुण काही अंशी आहे. पूर्वी मोटेच्या चामड्याला व नाड्यांना करडईचे जाळलेले तेल लावीत, ते पाण्यापासून रक्षण व्हावे म्हणूनच. तेल अगदी थोडे घ्यावे, फडक्याने लाकडात जिरवावे आणि वर राहिलेले पुसून टाकावे. नाहीतर त्यावर धूळ चिकटते.

ज्या फडक्याने जवसाचे तेल लावले, ते बोळा करून कोपऱ्यात फेकू नये. तेल घट्ट होताना उष्णता निर्माण होते. बोळ्यात ती कोंडते व वाढत जाऊन फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते दोरीवर पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

शेवटी पायथ्याकडील दोरी ताणून घेण्याचे काम राहते. एकाने चौकट पायाने दाबून धरावी व दुसऱ्याने एकेक फेरा ओढीत जावे. हाताने टिचकी मारल्यावर वीण घुमली की ताण बरोबर आला असे समजतात. मग संध्याकाळी बाज पुन्हा अंगणात येते आणि तिच्यावर पहिल्याने कोणी बसावे, यावरून घरातील मुलांचे भांडण सुरू होते.