पत्र्याच्या ट्रंकेतली सरहद्द

१९९९ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नलिनी मलानी यांची ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ ही कलाकृती मांडली गेली. आधार उर्दू कथाकार मंटोंच्या फाळणीवरील ‘टोबा टेक सिंग’ या कथेचा, निमित्त १९९८च्या अणुचाचण्यांचे. मलानींचा जन्म १९४६ साली कराचीत झाला. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब भारतात आले. दालनात पत्र्याच्या ट्रंका उघडून ठेवलेल्या, त्यांत टीव्हीचे पडदे, पडद्यांवर घरदार सोडून निघालेली माणसे. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एकाच साडीची घडी घालू पाहतात आणि मधले अंतर मिटत नाही.

अशा ट्रंका परभणीतही मांडाव्यात असे म्हटले, तर फाळणीची रेषा पंजाब-बंगालातून गेली, परभणीचा तिच्याशी काय संबंध, असे कुणी विचारेल. पण सरहद्द परभणीनेही भोगली आहे. तेव्हाचा जिल्हा आजच्या हिंगोलीसकट हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि उत्तरेला लागून वऱ्हाड होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी वऱ्हाडात स्वातंत्र्य आले, इकडे आले नाही. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार या सशस्त्र दलाच्या भीतीने मराठवाड्यातल्या अनेक कुटुंबांनी निजामाची हद्द ओलांडली. पुढे भारतीय लष्कराने निजामाविरुद्ध केलेल्या सप्टेंबर १९४८च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठवाड्यातल्या अनेक मुस्लिम कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने त्याचा अहवाल सरकारला दिला, पण तो कित्येक दशके लोकांसमोर आलाच नाही. या दोन्ही आपत्तींच्या ट्रंका शेजारी-शेजारी मांडणारे प्रदर्शन परभणीत व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

दर १७ सप्टेंबरला निजामाच्या राजवटीतून सुटकेचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन होतो, मग वेगळे प्रदर्शन कशाला? ध्वजवंदनाने लढणाऱ्यांचा मान राखला जातो आणि तो राखलाच पाहिजे. मात्र जे पळाले, जे पुढे आयुष्यभर गप्प राहिले, त्यांना त्या समारंभात जागा नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: रझाकारांचे अत्याचार आणि नंतरचा सूड एका दालनात आले, तर सगळेच सारखे दोषी ठरतील. यावर उपाय आहे. प्रत्येक वस्तूशेजारी गाव, तारीख आणि अत्याचार कुणी केला हे स्पष्ट लिहावे. शिवाय प्रत्येक सीमेला जखम म्हणू नये. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, ती कारभाराची सोय होती. तिला या दालनात आणणे म्हणजे उजाडलेल्या घरांचा अपमान. विलंब मात्र परवडणारा नाही, कारण १९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशी ओलांडून गेले आहे.