गर्भावस्था आणि 'थोडे' मद्य : पाचव्या शीलाच्या संदर्भात एक विचार

पंचशील ग्रहण करताना उपासक-उपासिका सुरा, मेरय आणि मद्य यांपासून विरत राहण्याचा संकल्प करतात. हा संकल्प मनोभावे पाळणाऱ्या घरांतूनही एक प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो : गरोदरपणी थोडेसे मद्य पोटात गेले, तर खरोखर काही बिघडते काय? लग्नसमारंभात आग्रहाने घेतलेला बिअरचा पेला, सर्दीवर उतारा म्हणून वडीलधाऱ्यांनी दिलेली ब्रँडी, अथवा दिवस गेल्याचे कळण्यापूर्वी घडलेले मद्यपान, असे या प्रश्नामागचे प्रसंग असतात. विचारणाऱ्या स्त्रीच्या मनात भीती असते. तिला उपदेश नको, उत्तर हवे असते. 'शीलभंग झाला' एवढे म्हटल्याने ते मिळत नाही. धम्म एहिपस्सिको आहे, स्वतः येऊन पारखून घ्यावा असा आहे. म्हणून याही प्रश्नाचा विचार आम्ही प्रथम पुराव्याच्या आधारे करीत आहोत.

मद्य गर्भापर्यंत कसे पोहोचते?

मातेच्या रक्तात उतरलेला मद्यार्क वारेतून गर्भाकडे जातो. वार ही अनेक गोष्टी अडविणारी चाळणी असली, तरी मद्यार्काला ती अडवू शकत नाही. थोड्याच वेळात गर्भाच्या रक्तातील मद्यार्काचे प्रमाण मातेच्या रक्तातील प्रमाणाच्या जवळपास येते. प्रौढ माणसाचे यकृत मद्यार्काचे विघटन करते. गर्भाचे यकृत अपरिपक्व असल्याने त्याला ते काम फारसे जमत नाही. मातेच्या शरीराने निचरा करावा, तोपर्यंत गर्भाने सोसावे, अशी ही स्थिती असते. मद्यार्क गर्भजलातही उतरतो आणि गर्भ ते गर्भजल पुनःपुन्हा गिळीत असतो.

मेंदूची घडण गर्भावस्थेच्या आरंभापासून अखेरपर्यंत चालू असते. त्यामुळे 'पहिले तीन महिने सांभाळले की पुढे चिंता नाही' ही समजूत निराधार आहे.

विज्ञानाला हे केव्हा उमगले?

सन १९६८ मध्ये फ्रान्समधील नांत येथील डॉ. पॉल लेमुआन यांनी मद्यासक्त पालकांच्या १२७ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. सन १९७३ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथील डॉ. केनेथ जोन्स आणि डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी सहकाऱ्यांसह अशाच आठ बालकांचे वर्णन केले आणि या विकाराला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिले. खुंटलेली वाढ, आखूड नेत्रफटी, नाक व ओठ यांमधील सपाट झालेली पन्हळ, पातळ वरचा ओठ आणि मेंदूची हानी ही त्याची लक्षणे होत. पुढे असे दिसून आले की, चेहऱ्यावर कोणतीही खूण नसतानाही मेंदूची हानी झालेली असू शकते. अशा मुलाला गणित जमत नाही, लक्ष टिकत नाही, कृतीचा परिणाम आधी सुचत नाही. शाळा त्याला 'मठ्ठ' म्हणते, घर त्याला 'हट्टी' म्हणते; खरे कारण कोणालाच ठाऊक नसते. ही हानी आयुष्यभराची असते. मात्र ती लवकर ओळखली, तर योग्य शिक्षण व आधार देऊन मुलाला पुष्कळ साहाय्य करता येते.

'थोडे' म्हणजे किती?

वादाचा खरा मुद्दा येथे आहे. फार मद्यपान घातक आहे, याविषयी दुमत नाही. 'थोडे' हा शब्द मात्र फसवा आहे. ३० मिलिलिटर व्हिस्की वा ब्रँडीत सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ६५० मिलिलिटरची साधी बिअरची बाटली घेतली, तर सुमारे २५ ग्रॅम. तीच 'स्ट्राँग' असली, तर सुमारे ४० ग्रॅम. ताडी, मोहाची दारू वा हातभट्टीची दारू यांची तीव्रता तर कोणीच मोजलेली नसते.

सन २०१७ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. आठवड्याला ३२ ग्रॅमपर्यंत मद्यार्क घेणाऱ्या स्त्रियांची बाळे अपेक्षेपेक्षा लहान असण्याची शक्यता मद्य न घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ८ टक्क्यांनी अधिक आढळली. हा फरक लहान आहे, आणि इतर परिणामांविषयी पुरावा अपुरा असल्याचे त्या संशोधकांनी प्रांजळपणे नमूद केले. आपण येथे एवढेच ध्यानी घ्यावे की, 'स्ट्राँग' बिअरची एकच बाटली ही आठवड्याची मर्यादा ओलांडते.

याउलट, सन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासांत अल्प मद्यपान करणाऱ्या मातांच्या पाच वर्षांच्या मुलांच्या बुद्धिमापनात लक्षणीय फरक आढळला नाही. मग थोडे मद्य निर्धोक मानावे काय? असा निष्कर्ष काढण्यात एक अडचण आहे. ब्रिटनसारख्या देशांत अल्प मद्यपान करणाऱ्या स्त्रिया बहुधा अधिक शिकलेल्या व सुस्थितीतील असतात. त्यांच्या मुलांना आहार, पुस्तके आणि शाळा चांगली लाभते. या सुस्थितीच्या पडद्याआड मद्याची हानी झाकली जाऊ शकते.

हा पडदा दूर करण्याचा प्रयत्न ब्रिस्टल परिसरातील चार हजारांहून अधिक मुलांच्या एका अभ्यासात सन २०१२ मध्ये झाला. मद्यार्काच्या विघटनाशी संबंधित जनुके श्रीमंती पाहून वाटली जात नाहीत. आठवड्याला १ ते ६ युनिट (एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम) मद्य घेणाऱ्या मातांच्या मुलांपैकी ज्यांच्यात या जनुकांची विशिष्ट रूपे होती, त्यांचा आठव्या वर्षीचा बुद्ध्यंक काहीसा कमी आढळला. मद्य न घेणाऱ्या मातांच्या मुलांत मात्र त्याच जनुकांमुळे असा फरक पडला नाही. एका अभ्यासाने प्रश्न निकालात निघत नाही, हे खरे. पण संशयाला सबळ आधार मिळतो.

हानी सिद्ध न होणे ही एक गोष्ट, आणि सुरक्षितता सिद्ध होणे ही दुसरी. या दोहोंची गल्लत करू नये. ब्रिटनच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आठवड्याला एक-दोन वेळा एक-दोन युनिटांची जी सवलत पूर्वी मान्य केली होती, ती जानेवारी २०१६ मध्ये काढून घेतली आणि गर्भावस्थेत मद्य मुळीच न घेणे हेच सर्वांत सुरक्षित, असे जाहीर केले. अमेरिकेत तर सन १९८९ पासून मद्याच्या बाटलीवर गरोदर स्त्रियांसाठी इशारा छापला जातो.

शीलाचा अर्थ

सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा दोष सांगितले आहेत. रोग आणि प्रज्ञेची दुर्बलता हे त्यांपैकी दोन. ते पिणाऱ्याचे दोष म्हणून सांगितले आहेत. गर्भाचा उल्लेख तेथे नाही, आणि आधुनिक विज्ञान सुत्तात आधीच होते असा दावा आम्ही करीत नाही. परंतु पाचव्या शीलात मद्याला 'पमादट्ठान', म्हणजे बेसावधपणाचे स्थान, म्हटले आहे. गर्भावस्थेत त्या बेसावधपणाचे फळ पिणाऱ्याला नव्हे, तर ज्याला नकार देता येत नाही अशा जीवाला भोगावे लागते. ते शील येथे करुणेचे रूप घेते.

ही करुणा मातेलाही लागू आहे. दिवस गेल्याचे कळण्यापूर्वी थोडे मद्य घेतले गेले असेल, तर भयभीत होण्याचे कारण नाही. अशा बहुसंख्य स्त्रियांची बाळे निरोगी जन्मतात. त्या क्षणापासून मद्य थांबवावे आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. जिला रोजच्या मद्याची सवय आहे, तिने मात्र एकाएकी न सोडता वैद्यकीय देखरेखीखाली सोडावे. आसवे व अरिष्टे यांत स्वयंजनित मद्यार्क असतो. ती गरोदरपणी वैद्यांना वा डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत.

शेवटी पुरुषांसाठी दोन शब्द. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात मद्य घेणाऱ्या स्त्रिया सुमारे १ टक्का, तर पुरुष सुमारे १९ टक्के आहेत. घरात बाटली आणतो तो बहुधा पुरुषच, आणि आग्रह करणाराही बहुधा तोच. गर्भिणीने पेला दूर सारावा असे वाटत असेल, तर निदान त्या नऊ महिन्यांसाठी पतीने तो आधी आपल्या हातातून खाली ठेवावा. पाचवे शील दोघांनीही ग्रहण केलेले असते.