चारोटीहून साय. डी.चा अर्ज

चारोटी नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला डहाणू-जव्हार रस्ता छेदतो. नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात बारा महिने अर्ज भरले जातात: पोलीस भरती, नर्सिंग, वनरक्षक, आश्रमशाळेचा प्रवेश. माझ्या एका विद्यार्थिनीने तिथे साय. डी.चा, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजीतल्या डॉक्टरेटचा अर्ज भरायला घेतला, तेव्हा दुकानदाराने तो कोर्स कसला म्हणून चौकशी केली. तलासरी तालुक्यातल्या वारली घरातली ही मुलगी आश्रमशाळेत शिकली आणि मानसशास्त्रात एम. ए. झाली. घरी वारली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, पुस्तकांत इंग्रजी अशा चार भाषांत ती वावरते.

नुसत्या एम. ए.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते आणि ती परिषदेने मान्य केलेल्या, रुग्णालयात राबवून घेणाऱ्या अभ्यासक्रमानंतरच मिळते. इतकी वर्षे हा रस्ता दोन वर्षांच्या एम. फिल.मधून जायचा. २०२२च्या नियमावलीतून यूजीसीने एम. फिल. बंद केली. मग या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवली. त्यामुळे चार वर्षांच्या साय. डी.कडे मुलांचा ओढा वाढला. जाहिराती पुष्कळ दिसतात, म्हणून अर्जाची फी भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर संस्थेचे नाव आणि त्या वर्षाची मान्यता पाहायचीच, हे मी प्रत्येकाला बजावते.

कागदपत्रांचे सांगण्यासारखे फार नाही. गुणपत्रिका, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला. सेतूत रांग लावायची, प्रांत ऑफिसला खेप घालायची. हे तिच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे.

खरी मेहनत मुलाखतीची. तिथे केस हिस्टरी कशी घेतेस हे विचारतातच, म्हणून आम्ही सराव मांडला. माझ्या शेजारच्या मावशींना रुग्ण केले, त्यांच्या सुनेला सोबत आलेली नातेवाईक. मावशी वारलीतच बोलतात. मुलीने कोऱ्या कागदावर वर माहिती देणाऱ्याचे नाव, नाते आणि किती वर्षे सोबत राहते ते लिहिले. त्याखाली मुख्य तक्रारी. शिस्त अशी की तक्रार रुग्णाच्याच शब्दांत उतरवायची, आपले निदान त्यात घुसडायचे नाही. प्रत्येक तक्रारीपुढे ती कधीपासून आहे ते लिहायचे. तिने मावशींची वाक्ये जशीच्या तशी देवनागरीत घेतली आणि पुढचा सगळा वृत्तांत इंग्रजीत लिहिला. कालावधी विचारताना 'किती महिने झाले' असे विचारले नाही. चैत्रातल्या महालक्ष्मीच्या जत्रेच्या आधी की नंतर, भातलावणी झाली होती का, असे विचारत गेली आणि उत्तरावरून समासात महिने मांडले. सून मध्येच बोलायला लागली तशी तिचे म्हणणे वेगळ्या रकान्यात गेले. आधीच्या उपचारांत पहिली नोंद भगताची केली, कुठलाही शेरा न मारता. मावशी गप्प झाल्या तेव्हा तीही थांबली. पुढचा प्रश्न रेटला नाही. एवढे काम मी पदवीनंतर बरीच वर्षे शिकत होते.

आणि या कौशल्याला अर्जात जागा किती? 'लँग्वेजेस नोन' असा एक रकाना, त्यात वाचता-लिहिता-बोलता येते यावर बरोबरच्या खुणा. वारलीला स्वतःची लिपी नाही, म्हणून दोन खुणा कोऱ्याच राहिल्या.

कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात याच विषयाची डॉक्टरेट इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत चालते आणि दुसऱ्या भाषेची जाण ही तिथे अर्जदाराकडून अपेक्षा असते. आपल्याकडे वॉर्डात प्रत्येक प्रशिक्षणार्थी दोन-तीन भाषांत काम करतो, पण प्रवेशाच्या वेळी मोजमाप फक्त इंग्रजीचे होते. मराठीला या क्षेत्रात परंपरा नाही असेही नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४०चे. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी ती बिने-कामत कसोटी आजही वापरतात. पण घरी वारली बोलणाऱ्या पोराला तिचे प्रश्न शाळेच्या मराठीत विचारले आणि ते गप्प बसले, तर कमी भरलेला आकडा बुद्धीचा की भाषेचा, हे कळायला समोर त्याची बोली जाणणारे माणूसच हवे. शेजारच्या डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर १९५७पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांच्या शिक्षणाचे काम केले. मुलांपर्यंत शिक्षकाने जायचे असते, हे त्यांनी पाड्यात आणि कुरणात शाळा नेऊन दाखवले.

उद्देशपत्रात तिने भूकंपाबद्दल लिहिले. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीत धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. त्या हिवाळ्यात माणसे घराबाहेर, तंबूत झोपली. भिंतीच्या आत झोपायला पोरे तयार नव्हती, हे तिने आपल्या घरात पाहिले. पहिल्या मसुद्यात तिने 'ट्रॉमा', 'रेझिलियन्स' असे जड शब्द भरले होते. मी ते खोडायला लावले आणि अंगणातली रात्र लिहायला सांगितली. पान एकदम उजळले.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झाले. त्यात आमच्या सीमेपलीकडचा गुजरात होता, महाराष्ट्र नव्हता. बहुतेक मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसे उपचाराविना राहतात असे त्यात निघाले. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय इथून शंभरेक किलोमीटरवर. दिवसाची मजुरी बुडवून तिथे पोचलेल्या बाईला आपले दुःख परक्या भाषेत मांडावे लागले, तर पुढच्या तारखेला ती येईल याची खात्री कोण देणार? १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते, त्याचा उपयोग जरूर करावा. पण समोर बसून ऐकणाऱ्या माणसाची जागा फोन घेत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला कळेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क बजावायला ती भाषा जाणणारे मानसशास्त्रज्ञ आधी तयार व्हायला हवेत.

म्हणून महाराष्ट्रातल्या प्रशिक्षण संस्थांना माझी विनंती आहे. मुलाखतीत एक केस हिस्टरी अर्जदाराच्या बोलीत घ्यायला लावा, समोर ती बोली बोलणारे माणूस बसवा, आणि त्याला गुण ठेवा. वारली, कातकरी, भिल्ली, कोरकू, गोंडी, कुठलीही चालेल. इंग्रजी चार वर्षांत सुधारते.