स्वावलंबन-शिक्षकांचे प्रशिक्षण

स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा अवधानाचे विकार असलेल्या तरुण-तरुणींना स्वयंपाक, कपड्यांची निगा, पैशांचा व्यवहार, बसप्रवास इ. दैनंदिन कामे शिकविणाऱ्या कर्मचाऱ्यांना दिले जाणारे व्यावसायिक शिक्षण.

अशा व्यक्तींना एखादे काम न येणे हा पूर्वी केवळ त्यांच्या बुद्धीचा दोष समजला जाई. अमेरिकन शिक्षणतज्ञ मार्क गोल्ड यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मध्यम व तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती सायकलच्या ब्रेकचे १५ सुटे भाग जुळविण्यास शिकल्या. अशा प्रयोगांमुळे शिकविणाऱ्याच्या पद्धतीकडे लक्ष वेधले गेले.

प्रशिक्षणाचा पाया म्हणजे कार्य-विश्लेषण. प्रशिक्षणार्थी प्रथम ते काम स्वतः करतो व त्याच्या पायऱ्या लिहून काढतो. चहा करताना ‘गॅस पेटविणे’ ही एकच पायरी वाटते. परंतु लायटर जवळ धरणे, बटण दाबून फिरविणे, ज्योत लागल्याची खात्री करणे व ती कमी करणे, अशा तिच्यात अनेक कृती दडलेल्या असतात. कित्येकदा शेवटची पायरी, म्हणजे कपात चहा गाळणे, आधी शिकवितात. त्यामुळे काम पुरे केल्याचे समाधान शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी मिळते.

मदत देण्यापेक्षा ती काढून घेणे अधिक अवघड असते. खूण, तोंडी सूचना, प्रात्यक्षिक व हाताला धरून करविणे या मदतीच्या चढत्या पायऱ्या होत. घाईने सूचना देणारा कर्मचारी, कितीही प्रेमळ असला तरी, शिकणाऱ्याला आपल्या तोंडाकडे पाहत थांबण्याचीच सवय लावतो. म्हणून काही सेकंद स्वस्थ थांबण्याचा सराव त्याला मुद्दाम द्यावा लागतो. केवळ व्याख्यानांनी हे साधत नाही. प्रात्यक्षिक, सराव आणि प्रत्यक्ष कामाचे निरीक्षण करून दिलेला अभिप्राय आवश्यक असतो.

वर्गात शिकलेले कौशल्य, विशेषतः स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत, बाजारात आपोआप उतरत नाही. त्यासाठी खऱ्या दुकानात व खऱ्या बसमध्येच शिकवावे लागते. तेथे चुकीचा, क्वचित इजेचाही धोका असतो. रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ मध्ये अशा वाजवी धोक्याला मानवी प्रतिष्ठेचा भाग मानले. कोणते काम शिकायचे, याबाबत त्या तरुणाची इच्छा विचारणे हेही प्रशिक्षणात अंतर्भूत असते. पालकांची व त्याची पसंती नेहमी जुळतेच असे नाही.

भारतात पुनर्वसन-क्षेत्रातील अभ्यासक्रमांचे नियमन १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषद करते.